घोडं अडलं कुठं?

मराठी माणसाचं काम कुठेही अडकलं की घोडं मध्ये येतंच. सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल हलत नाही, बँकेचं कर्ज मंजूर होत नाही, लग्नाची बोलणी पुढे सरकत नाहीत. आपण विचारतो, ‘घोडं अडलं कुठं?’ कारण सापडलं की म्हणतो, ‘इथंच तर घोडं पेंड खातंय!’ आणि एकदाचं सगळं पार पडलं की गंगेत घोडं न्हालं. विलेपार्ल्यासारख्या उपनगरात, जिथे डोक्यावरून विमानं जातात आणि खालून लोकल, तिथे खरं घोडं सहा महिन्यांत एकदा दिसलं तरी पुष्कळ. भाषेतलं घोडं मात्र रोज भेटतं.

या भाषेतल्या घोड्याबद्दल मराठीत दोन मतं आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

पहिलं मत ‘अडेलतट्टू’ या शब्दात आहे. जो ऐकत नाही, हटून बसतो, तो अडेलतट्टू. म्हणजे अडणं हा त्या तट्टाचा स्वभाव आणि दोषही त्याचाच. दुसरं मत आजी-आजोबांनी घातलेल्या एका कोड्यात आहे. भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच: फिरवलं नाही म्हणून. भाकरी करपली तर कोणी भाकरीला दोष देत नाही. विड्याचं पान सडलं म्हणून पानाला कोणी शिक्षा करत नाही. कोड्याने घोड्यालाही त्याच रांगेत बसवलं आहे. घोडा अडला असेल तर कुणाचं तरी काहीतरी करायचं राहून गेलं आहे.

घोडा थांबतो, मागे सरतो, दोन पायांवर उभा राहतो, दुगाण्या झाडतो, उधळतो. तो घाबरला आहे की खोड्या करतोय, हा प्रश्न घोड्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाला पडला आहे, आणि उत्तर चुकलं तर त्याची किंमत घोडा आणि माणूस या दोघांनीही मोजली आहे. कारण दोन्हींवरचे उपाय उलटे आहेत. घाबरलेल्याला मारलं तर भीती वाढते. नुसत्या खोडीला ‘घाबरलंय बिचारं’ म्हणून दर वेळी सोडून दिलं तर खोड पक्की होते. आणि निर्णय घ्यायला मिळतात दोन-तीन सेकंद.

ग्वाल्हेरजवळचा ओढा

आपल्या इतिहासातला सगळ्यांत प्रसिद्ध अडलेला घोडा १८५८च्या जून महिन्यातला. जागा ग्वाल्हेरजवळची कोटा की सराय. पाठीवर झाशीची राणी लक्ष्मीबाई.

शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना ही गोष्ट पाठ आहे. इंग्रज घोडेस्वार मागे लागले होते. राणीचा घोडा नवा होता. समोर ओढा आला आणि घोडा अडला. टाच मारली, चुचकारलं, तरी तो पलीकडे जाईना. तेवढ्यात मागचे स्वार येऊन पोचले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणीचं मराठी चरित्र प्रसिद्ध केलं, आणि ओढ्यापाशी अडलेला घोडा मराठी मनात कायमचा उभा राहिला. मॅलेसन या इंग्रज इतिहासकाराने मात्र वेगळं लिहिलं आहे: घोडा लहानशा कालव्यापाशी ठेचकाळला आणि पडला. राणीला गोळी कधी लागली आणि तलवारीचा वार कधी बसला, याबद्दलही इंग्रजांच्या हकिकती आपसांत जुळत नाहीत.

आपल्याकडे ‘अडला’ हेच रूप टिकलं. त्यात एक हळहळ आहे: घोडा जुना, ओळखीचा असता तर! पण या हळहळीच्या पोटात घोड्यावरचा एक आरोपही आहे. ऐन वेळी त्याने दगा दिला, असा.

या आरोपाला सगळ्यांत चांगलं उत्तर राणीच्याच आयुष्यात आहे. लक्ष्मीबाई नुसत्या पट्टीच्या घोडेस्वार नव्हत्या. घोड्याची पारख असलेल्या त्या काळच्या उत्तर हिंदुस्थानातल्या मोजक्या माणसांत त्यांचं नाव घेतलं जाई. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. एक सौदागर दोन देखणे घोडे घेऊन आला. राणीने दोन्हींवर बसून फेरी मारली. एकाची किंमत हजार रुपये सांगितली, दुसऱ्याची पन्नास. बघणाऱ्यांना दोघांत काहीच फरक दिसत नव्हता. राणीचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या छातीत मार बसलेला आहे. सौदागरानेही ते कबूल केलं.

ही आख्यायिका खरी धरा किंवा वाढवलेली धरा. तिच्यात राणी घोड्याला नावं ठेवत नाही. घोड्याची चाल बिघडलेली जाणवते तेव्हा ती ‘याला काय झालंय?’ असं विचारते. पन्नास रुपयांचा घोडा वाईट नव्हता, त्याला दुखत होतं. घाबरला की खोडकर, या जोडीत न बसणारं तिसरं कारण इथे समोर येतं: वेदना. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

ओढा घोड्याला कसा दिसतो?

आधी भीतीचं बघू. घोडा हा पळून वाचलेला प्राणी आहे. शिंगं नाहीत, सुळे नाहीत, नखं नाहीत. गवताळ माळावर काहीतरी हललं की आधी पळायचं आणि मग विचार करायचा, हाच त्याचा शहाणपणा. उलट करणारे घोडे वाघ-लांडग्यांनी खाल्ले. म्हणून प्लास्टिकची पिशवी उडाली की बिचकणारा घोडा मूर्ख नसतो. लाखो वर्षं उपयोगी पडलेली गोष्ट तो करत असतो.

त्याचे डोळे जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये सगळ्यांत मोठ्या डोळ्यांत मोडतात. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त शेपटीच्या थेट मागचं, आणि कपाळाच्या अगदी समोरचं व नाकाखालचं दिसत नाही. म्हणून मागून गपचूप जाऊन पाठीवर थाप मारणं धोक्याचं. उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात जाताना त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रंग त्याला आपल्याइतके वेगवेगळे दिसत नाहीत, पण हालचाल फार चटकन टिपता येते.

आता तो ओढ्यापाशी उभा करा. पाण्यावर ऊन चमकतंय. खाली दगड आहे की खोल डोह, हे कळत नाही. ते बघायला त्याला मान खाली घालून, नाक पाण्याजवळ नेऊन हुंगायचं असतं. पण घाईत असलेला स्वार नेमका त्याच वेळी लगाम आखडतो, आणि बघण्याची सोय संपते. पाठीवरचा माणूस अनोळखी आहे. मागे बंदुका वाजताहेत, धूर आहे, रक्ताचा वास आहे, सोबतचे घोडे पांगले आहेत. अंगात दिवसभराचा थकवा आहे. अशा घोड्याने पाय पुढे टाकला नाही तर त्याला अडेलतट्टू म्हणायला आपल्याकडे एकही पुरावा नाही. त्याने न जाण्याची कारणं मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत.

चाबूक कुठे मारायचा?

ही समज आधुनिक आहे, पूर्वीच्या लोकांना यातलं काहीच कळत नव्हतं, असं समजू नका. भारतात अश्वविद्येचे ग्रंथ शालिहोत्राच्या नावाने शतकानुशतकं लिहिले गेले. पुढे ‘शालिहोत्री’ हा घोड्याच्या वैद्यालाच शब्द झाला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांची निवड, शिकवण आणि घोड्यावरचे खेळ यांना भरपूर जागा आहे.

या परंपरेतला एक भाग वाचताना आज चमकायला होतं. घोड्याला चाबूक कुठे मारायचा, याची यादी. ‘शुक्रनीती’मध्येही ती येते. खिंकाळला तर एका जागी, ठेचकाळला तर दुसऱ्या, वाट सोडली तर तिसऱ्या, रागावला तर चौथ्या. त्या यादीत घाबरलेला घोडाही आहे. म्हणजे घोडा का बिघडला याची कारणं वेगवेगळी असतात, हे लिहिणाऱ्याला नीट माहीत होतं. भय वेगळं, राग वेगळा, ठेच वेगळी. औषध मात्र सगळ्यांना एकच, चाबूक! फक्त जागा बदलायची. तरी त्याच ग्रंथात एक इशाराही आहे: भलत्या जागी मारलेल्या घोड्यात नाना खोडी निर्माण होतात आणि त्या जन्मभर जात नाहीत. खोडी माणसाच्या हातूनही तयार होतात, ही कबुली त्यात आहे.

ग्रीसमध्ये झेनोफन नावाचा सेनानी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात एक पाऊल पुढे गेला. घोडेस्वारीवरच्या त्याच्या पुस्तकातला सल्ला असा: घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर आधी स्वतः त्या वस्तूला हात लावा, मग घोड्याला हळूहळू जवळ न्या. मारू नका. मारलं तर त्याला वाटेल, की ही वेदना त्या वस्तूनेच दिली, आणि पुढच्या वेळी तो दुप्पट घाबरेल. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या कुठल्याही पशुवैद्याला मान्य होईल.

मराठ्यांचं तर राज्यच घोड्याच्या पाठीवर उभं राहिलं. भीमेकाठची भीमथडी तट्टं उंचीने बेताची, पण काटक, डोंगरउतारांना सरावलेली. शिलेदाराचा घोडा स्वतःच्या मालकीचा, बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदाराच्या घरी घोडा मेला तर रोजगारच गेला. सरकारी घोड्यांचं काय? शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणच्या बाजूच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. बहुतेक वेळा ते रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याबद्दल उद्धृत होतं, पण त्याचा निम्मा जीव घोड्यांच्या चाऱ्यात आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच मन मानेल तसं संपवलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं महाराज बजावतात. गवताच्या गंजीपाशी दिवा-विस्तव कसा सांभाळायचा, हेही सांगतात. मेलेल्या घोड्याचा हिशेब माणसाकडून घ्यायचा. भाकरी-पान-घोड्याच्या कोड्याचीच ही राजाज्ञा झाली म्हणा ना!

ट्रामला जुंपलेले दोनशे घोडे

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हा प्रश्न रणांगणावरून रस्त्यावर आला. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली, ती घोड्यांनी ओढायची. सुरुवातीला २० डबे आणि सुमारे २०० घोडे होते. १९०५ साली घोड्यांची ट्राम बंद झाली, तेव्हा कंपनीच्या तबेल्यांत १,३६० घोडे होते. १९०७मध्ये विजेची ट्राम आली. याशिवाय व्हिक्टोरिया, टांगे, मालाच्या गाड्या होत्याच. अरबस्तानातून आणि ऑस्ट्रेलियातून बोटीने उतरवलेल्या घोड्यांचा मोठा बाजार याच शहरात होता.

महिनाभर बोटीतून प्रवास करून आलेला ऑस्ट्रेलियन घोडा पायधुणीच्या गर्दीत उभा राहिला तर त्याला काय वाटत असेल? फेरीवाल्यांच्या हाका, ढोल-ताशे, मोहरमच्या आणि लग्नाच्या मिरवणुका, मध्येच घुसणाऱ्या बैलगाड्या. त्यावर शहराने शोधलेला उपाय म्हणजे डोळ्यांवरची झापडं. चहूकडे बघणाऱ्या डोळ्यांना फक्त समोरचं दिसू द्यायचं. ‘झापडबंद विचार’ असं आपण आज हिणवून म्हणतो, पण झापड मुळात भ्यालेल्या घोड्याची सोय होती. भीती काढता येत नाही, तेव्हा निदान भीतीचं कारण झाकायचं.

ट्राम सुरू झाली त्याच १८७४ साली मुंबईत प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. पुढच्या दशकात परळला पेटिट कुटुंबाच्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ साली तिथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. १८९०मध्ये जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आला, तोही मुख्यतः शहरांच्या रस्त्यांसाठी. भर रस्त्यात अडलेल्या घोड्याला गाडीवान मारतोय, हे दृश्य आता खासगी राहिलं नव्हतं. घोडा लंगडतोय का, खांद्याला जखम आहे का, ओझं जास्त आहे का, हे बघायला चाबूक हातात नसलेला एक तिसरा माणूस पहिल्यांदाच आला. अडलेला घोडा अनेकदा दुखावलेला असतो, हे शहराला तपासून कळायला लागलं.

रिक्षा येण्याआधी उपनगरांतल्या स्टेशनांबाहेरही घोडागाड्या उभ्या असत. त्या हळूहळू गेल्या. दक्षिण मुंबईत व्हिक्टोरिया उरली ती हौसेच्या फेरीपुरती. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निव्वळ मौजेसाठी घोडागाड्या चालवणं बेकायदा ठरवलं आणि वर्षभरात त्या बंद करून गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना आखायला सांगितलं. २०२१मध्ये तशाच दिसणाऱ्या विजेवरच्या गाड्या रस्त्यावर आल्या. पिढ्यान्‌पिढ्या खरारा करणाऱ्या, तोबरा भरणाऱ्या कुटुंबांचा रोजगार त्यात गेला, ही गोष्ट लहान नाही. त्यांच्यातल्या जाणत्या माणसांना कानाच्या हालचालीवरून घोड्याचं मन कळत असे. घोडागाडीबरोबर ही विद्याही शहरातून चालली आहे.

हान्स आणि न उघडलेली छत्री

१९०४च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गाजत होता. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे त्याचे मालक. गणित घातलं की हान्स खुराने तितके टोले द्यायचा. लोक थक्क व्हायचे. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने बारकाईने तपासलं, तेव्हा वेगळंच निघालं. हान्सला गणित येत नव्हतं, त्याला माणूस वाचता येत होता. बरोबर उत्तर आलं की विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात किंचित हालचाल व्हायची. विचारणाऱ्याला स्वतःलाही ती जाणवत नव्हती. हान्सला जाणवायची आणि तो थांबायचा.

२००९ साली स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, कोणी लगाम धरून, कोणी पाठीवर बसून. असं चार वेळा. चौथ्या वेळी आधी सांगितलं, की आता वाटेत एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि सोबत घोड्यांचेही. घोड्याला छत्रीचं काहीच माहीत नव्हतं. त्याला फक्त सोबतचा माणूस घाबरलाय एवढं कळलं होतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ‘काही कारण नसताना बिथरला, माजलाय!’ कारण होतं, ते पाठीवर बसलेलं होतं.

वेदनेचंही असंच झालं. इंग्लंडच्या पशुवैद्य सू डायसन यांनी २०१८च्या सुमारास पाठीवर स्वार असलेल्या घोड्याच्या २४ हालचालींची यादी मांडली. कान बराच वेळ मागे राहणं, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, शेपटी सतत झटकणं, पुढे जायला नकार, वगैरे. यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर त्या घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. यातल्या कित्येक गोष्टींना तोवर तबेल्यांत ‘खोड’ म्हणत आले होते. झाशीच्या त्या पन्नास रुपयांच्या घोड्याला आता शास्त्राचा आधार मिळाला.

मग घोडा खोड्या करतच नाही?

करतो. म्हणजे आपण ज्याला खोडी म्हणतो तसं वागतो. माथेरानला दस्तुरी नाक्यावर घोडा घेतलात आणि एका ठरावीक वळणावर तो तबेल्याच्या वाटेकडे वळून ठाम उभा राहिला, तर तो घाबरलेला असेलच असं नाही. पूर्वी कधीतरी तिथे थांबल्यावर बसलेला पाहुणा घाबरून उतरला असेल आणि घोड्याला सुट्टी मिळाली असेल. घोड्याच्या दृष्टीने हा सरळ धडा आहे: इथे थांबलं की काम संपतं. हा डाव किंवा सूड नाही, शिकलेली गोष्ट आहे, आणि ती आपणच शिकवलेली आहे.

तर ओळखायचं कसं? अंग बघायचं आणि तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: तो कशाकडे बघतोय? भ्यालेल्या घोड्याच्या भीतीला दिशा असते. मान ताठ आणि उंच, कान एका वस्तूवर रोखलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, नाकपुड्या फुगलेल्या, जोराचा फुत्कार, अंग दगडासारखं घट्ट, शेपटी दाबलेली. छातीला हात लावता आला तर ठोके धडधडताना लागतील. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. ती वस्तू दूर केली, किंवा त्याला दुरून बघू दिलं, की थोड्या वेळाने मान खाली येते, तो ओठ चाळवतो, सुस्कारा टाकतो.

दुसरा प्रश्न: हे नेहमी कुठल्या कामाच्या वेळी होतं? खोगीर कसतानाच चावायला वळतो, एकाच बाजूला वळताना अडखळतो, उतारावरच थांबतो, कान मागे चिकटवतो. असं असेल तर आधी पाठ, तोंड, दात, नाल तपासायचे. समोर भीतीचं काही नाही आणि तरी रोज तेच होतंय, म्हणजे दुखण्याचा संशय पहिला.

तिसरा प्रश्न: थांबल्यावर त्याला काय मिळतं? अंग सैल आहे, श्वास शांत आहे, कशालाही बुजलेला नाही, दुखतही नाही, आणि दर वेळी त्याच जागी, घरच्या दिशेने अडतोय, तर ती शिकलेली खोड. तिच्यावरही उपाय मारण्याचा नाही. शांतपणे चार पावलं पुढे न्यायचं आणि तिथे थांबवायचं, म्हणजे सुट्टी पुढे जाण्यातून मिळते हे त्याला कळतं.

प्रश्नांचा हा क्रम सोडायचा नाही. आधी भीती, मग दुखणं, आणि खोडी सगळ्यांत शेवटी. घाबरलेल्याला खोडकर समजून मारलं तर ते नुकसान भरून काढायला महिने जातात. खोडकराला क्षणभर घाबरलेला समजलं तर फार तर एक फेरी वाया जाते.

पार्ल्यातली वरात

जुहू चौपाटीला लागून असलेल्या पार्ल्यात घोडा दिसतो तो मुख्यतः लग्नसराईत. वरातीची पांढरी घोडी, अंगावर झूल आणि आरसे. विमान डोक्यावरून गेलं तरी ती कान हलवत नाही. ते रोजचं आहे, त्याने कधी काही केलेलं नाही, हे तिला माहीत आहे. सवयीने भीती जाते ती अशी, थोडी थोडी, पळायला वाट मोकळी ठेवून.

पण त्याच घोडीच्या कानापासून पाच फुटांवर डीजेची भिंत उभी केली, पायाजवळ फटाक्यांची माळ लावली, तोंडासमोर दहा जणांनी मोबाइलचे फ्लॅश मारले आणि लगाम दोन्ही बाजूंनी आवळून धरला, तर तिला सवय लागत नाही. तिला फक्त हलता येत नाही. आणि भीतीने गोठून उभी राहिलेली घोडी बाहेरून शहाणी दिसते. तिच्या डोळ्याचा पांढरा कोपरा आणि थरथरणारी कातडी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मग शेवटची एक माळ वाजते आणि ती मागचे पाय झाडते. तीन-चारशे किलोचं जनावर, अरुंद गल्ली, आजूबाजूला नाचणारी लहान मुलं. दुसऱ्या दिवशी सगळे सांगतात, घोडी अचानक बिथरली.

ती अचानक बिथरलेली नसते. अर्धा तास ती सांगत असते, अंगाच्या प्रत्येक भागाने. मोतद्दाराला ते कळतही असतं, पण नवऱ्याकडच्या पंचवीस पाहुण्यांसमोर त्याचं कोण ऐकणार?

पुढच्या वेळी वरातीत असाल तर एवढं करता येईल. घोडी निघायच्या आधी मोतद्दाराला विचारा, हिला कशाची भीती वाटते. तो सांगेल. मग फटाके चौकात पुढे वाजवायचे की मागे, ढोल किती लांब ठेवायचा, हे त्याच्याकडून ठरवून घ्या. घोडी मध्येच थांबली तर पाठीमागून हुर्र्‌ करू नका, तिला मान खाली घालू द्या, बघू द्या.

‘घोडं अडलं कुठं?’ हा प्रश्न आपण आजवर फाइलींसाठी आणि कर्जांसाठी विचारत आलो. तो घोड्यासाठीही तितक्याच गांभीर्याने विचारायचा आहे.